नवरा-बायकोच्या पत्रातला तिसरा माणूस

आमच्या आजीकडे पत्र्याची एक ट्रंक होती. आजोबा दुसऱ्या महायुद्धात बाहेर होते, तेव्हाची त्यांची पत्रं त्यात होती. घर नव्याने बांधलं तेव्हा ती ट्रंक मीच रद्दीवाल्याला दिली. एकही पत्र न वाचता. ते मनातून जात नाही, म्हणून ही पोस्ट.

मित्रांनो, त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धाची गोष्ट सांगतो. हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं तेव्हा समुद्रापार गेली. सप्टेंबर-ऑक्टोबर 1914 मध्ये लाहोर आणि मेरठ डिव्हिजन फ्रान्समध्ये उतरल्या, आणि मागोमाग हिंदी शिपायांचं टपाल तपासायला सेन्सॉरचं ऑफिस सुरू झालं. शिपाई काय लिहितात, घरून काय येतं, सरकारला सगळं हवं होतं. निवडक मजकूर इंग्रजीत उतरवून त्याचे अहवाल वर जायचे. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रं गावोगाव गेली आणि बहुतेक तिथेच संपली.

म्हणजे बघा, विशीतल्या बायकोने नवऱ्याला काय लिहिलं, हे आज कळतं ते पाळत ठेवणाऱ्या सरकारमुळे. तेही परक्याच्या इंग्रजीत.

आणि सेन्सॉर तर नंतरचा. बऱ्याच शिपायांना लिहिता येत नव्हतं. पलटणीतला किंवा इस्पितळातला कुणी लिहून द्यायचा. इकडे गावात मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचा, सासू-सासऱ्यांसमोर. ती बिचारी दाराआडून ऐकणार. मनातलं काय लिहिणार अन् काय ऐकणार? पत्र वडिलांच्या नावे, तिच्या वाट्याला शेवटची एक ओळ.

पत्र उघडलं जातं हे शिपायांना ठाऊक होतं. म्हणून काहीजण खुणेने लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. कुठली संपत आलीय, यावरून घरच्यांनी समजून घ्यायचं. फ्रान्समधल्या शिकलेल्या, शेती-हिशेब सांभाळणाऱ्या बायका पाहून कित्येकांनी घरी कळवलं, पोरींना शाळेत घाला. मला वाटतं, त्यामागे एक साधी इच्छाही असेल. आपलं पत्र बायकोला स्वतः वाचता यावं.

आपली माणसं जास्त करून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916. शेवटी उपासमारीने शरणागती, आणि पुढे तुर्कांची कैद. त्यात खूप जण गेले. सातारा-कोकणातल्या किती घरांत पोस्टमनची वाट बघणं कधी संपलंच नसेल.

आपल्याकडे घराघरांत फौजी आहेत. 1962, 65, 71 ची पत्रं अजून माळ्यावर असतील. एक विनंती. रद्दीत द्यायच्या आधी ती उघडा. मोबाईलवर फोटो काढा, शिक्क्यावरची तारीख टिपून ठेवा. पत्रातली नावं कुणाची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा.

सेन्सॉरने वाचलेली पत्रं शंभर वर्षं टिकली. मी न वाचलेली किलोच्या भावाने गेली.