युद्धनौकेवर वस्तीला

अमेरिकेत फॉल रिव्हरच्या बंदरात ‘मॅसॅच्युसेट्स’ ही युद्धनौका 1965 पासून कायमची बांधून ठेवलेली आहे. 1942 च्या नोव्हेंबरात कॅसाब्लांकासमोर तिच्या 16 इंची तोफा फ्रेंच नौकांवर कडाडल्या होत्या. आता तिच्यावर स्काउटांची पथकं वस्तीला येतात. खलाशांच्या भोजनगृहात जेवायचं, खलाशांच्याच खाटांवर अंग टाकायचं, सकाळी घरी. लंडनला थेम्समध्ये उभ्या असलेल्या ‘बेलफास्ट’ क्रूझरवरही शाळेच्या पोरांनी अशाच रात्री काढल्या आहेत. ही कल्पना एखाद्या सहलवाल्याच्या सुपीक डोक्यातून निघाली असेल असं वाटतं. तिचं कूळ शोधायला गेलं की मात्र दोन घराणी सापडतात : एक खलाशांच्या अंथरुणाचं, दुसरं पैशाच्या तंगीचं.

अंथरुणाचं घराणं जुनं. पूर्वी युरोपातला साधा खलाशी डेकवर जागा मिळेल तिथे आडवा व्हायचा. 1492 मध्ये कोलंबसाच्या माणसांना बहामा बेटांवर लोक सुती जाळ्यांच्या झोळीत झोपलेले दिसले. ओल नाही, उंदीर-घुशी नाहीत, आणि जहाज कितीही कललं तरी झोळी सरळच लोंबणार. 1597 मध्ये इंग्रजी आरमाराने ती अधिकृतपणे स्वीकारली. पुढे ती कॅनव्हासची झाली. नेल्सनच्या काळात माणशी 14 इंच रुंदी ठरलेली होती. निम्मे लोक पहाऱ्यावर असल्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट मिळायची, एवढीच काय ती चैन.

सकाळी हीच झोळी अंथरुणासकट गुंडाळून दोरीचे सात वेढे देऊन करकचून बांधायची आणि वर कठड्यालगतच्या जाळीत नेऊन रचायची. लढाईत बंदुकीच्या गोळ्या आणि लाकडाच्या ढलप्या अडवायला तिचीच भिंत व्हायची. खलाशी मेला तर त्याच झोळीत शिवून, पायाशी तोफेचे गोळे ठेवून त्याला समुद्राच्या स्वाधीन करायचे. अंथरूण, ढाल आणि कफन एकाच कापडात. आरमाराइतका काटकसरी संसार दुसरा कुणाचा नसेल.

विसाव्या शतकात झोळी हळूहळू गेली आणि खाट आली. ‘बेलफास्ट’वर तर ती थेट 1956 ते 1959 च्या दुरुस्तीत आली. अमेरिकन नौकांवरची खाट म्हणजे लोखंडी नळीची चौकट, तिला नाड्यांनी ताणून बांधलेलं कॅनव्हास, वर पातळशी गादी. अशा तीन-चार खाटा साखळ्यांनी एकावर एक टांगलेल्या. कूस बदलायची तर वरच्याच्या पाठीचा अंदाज घेऊनच. दिवसा खाटा दुमडून वर अडकवायच्या, म्हणजे चालायला वाट होते. अमेरिकन आरमारात पहाटेची हाक अजूनही ‘उठा आणि खाटा वर अडकवा’ याच अर्थाची असते. ‘मॅसॅच्युसेट्स’वर युद्धकाळात दोन हजारांच्या घरात माणसं होती. त्यामुळे पथकं आली तर झोपवायचं कुठे, हा प्रश्न तिथे मुळातच सुटलेला.

आता दुसरं घराणं. युद्धानंतर शेकडो नौका भंगारात निघाल्या. अमेरिकेत ‘टेक्सस’ 1948 मध्येच स्मारक झाली होती. 1961 मध्ये ‘नॉर्थ कॅरोलायना’ची पाळी आली तेव्हा तिच्या राज्याने सुमारे 3 लाख 30 हजार डॉलर गोळा केले, त्यात मोठा वाटा शाळकरी मुलांच्या चिल्लरीचा. (विल्मिंग्टनच्या धक्क्याला लागताना या बाईंनी काठावरच्या तरंगत्या उपाहारगृहाला धडक दिली, तो भाग वेगळा.) ‘अलाबामा’साठी मुलांनी लाखभर डॉलरची नाणी जमवली. ‘मॅसॅच्युसेट्स’लाही मुलांच्या पैशांचा हातभार लागला.

नौका मिळाली, पण ती सांभाळायची कशी? अमेरिकन सरकार ती देतं ते ‘पुढचा खर्च आमच्यावर नाही’ या अटीवर. पोलाद खाऱ्या पाण्यात गंजत राहतं. सुक्या गोदीत नेऊन तळाचे पत्रे बदलायचे म्हणजे कोट्यवधींचा धंदा. बफेलोची ‘द सलिव्हन्स’ 2022 च्या एप्रिलमध्ये धक्क्यालाच बुडायला लागली होती. दिवसाच्या तिकिटावर हे भागत नाही. रात्री मात्र जहाज रिकामं, खाटा रिकाम्या आणि स्काउटांना मुक्कामाची हौस. वस्तीची रीत जन्मली ती इथे. माझ्या मते यात कमीपणा काही नाही. काचेआड ठेवलेली खाट बघून मूल पुढे सरकतं. उंच पोलादी उंबरठ्यावर नडगी आपटून, लाल दिव्यात चाचपडत जो आपल्या खाटेवर चढतो, त्याला दोन हजार माणसं म्हणजे किती दाटी हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका होती. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, मुंबईत तिचं संग्रहालय झालं, लोकांनी ते पाहिलं. 2012 मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झालं. सांभाळणं परवडत नाही, असं राज्य सरकारने न्यायालयात सांगितलं. 2014 मध्ये ती सुमारे 60 कोटींना विकली गेली आणि मुंबईतल्याच दारूखाना भागात तोडली गेली. तिच्या पोलादातून पुढे मोटरसायकली निघाल्या. ‘विक्रांत’ 1961 च्या मार्चमध्ये आपल्या नौदलात आली ती बेलफास्ट शहरात, हारलँड अँड वुल्फ गोदीतून; थेम्समधली ‘बेलफास्ट’ बांधली गेली तीही त्याच गोदीत.