फ्यूजपेटीचे स्थानांतर : कायदा, साहित्य आणि शब्द

घराची डागडुजी निघाली की जिन्याखालची किंवा ओटीच्या भिंतीवरची विजेची पेटी आड येते. ती 'हलवावयाची' ठरते आणि काम सुतारकामाच्या यादीत जाऊन पडते. ही पेटी मुळात तेथे का आली आणि ती हलविण्याचा अधिकार कोणाचा, याचा शोध प्रस्तुत टिपणात घ्यावयाचा आहे. हा प्रश्न जितका तंत्राचा तितकाच इतिहासाचा आहे, आणि अंशतः भाषेचाही.

मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले. पण तो प्रयोग टिकला नाही. स्थिर पुरवठा सुरू झाला तो १९०५ नंतर, वाडीबंदरच्या वाफेवरील वीजकेंद्रातून. पुढे पाचच वर्षांत आलेल्या १९१० च्या भारतीय वीज अधिनियमाने ग्राहक आणि पुरवठादार यांचे संबंध बांधून दिले. त्याच्या परिशिष्टातील एक तरतूद आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ग्राहकाच्या जागेत टाकलेल्या जोडवाहिनीचा खर्च, तसेच मुख्य वाहिनीपासून १०० फुटांपलीकडील भागाचा खर्च, पुरवठादार ग्राहकाकडून मागू शकत असे. मात्र खर्च ग्राहकाने दिला तरी ती वाहिनी राखण्याचे काम पुरवठादाराचेच राही, आणि तिच्यावरून इतरांना वीज देण्याचा हक्कही त्याचाच. जागेतील प्रत्येक फुटाचे पैसे मोजावे लागत असल्यामुळे वाहिनी आखूड ठेवण्यातच मालकाचे हित होते. जुन्या घरांत पेटी प्रायः दाराशी वा जिन्याखाली आढळते, त्याचे एक कारण हे असावे, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

१९५६ च्या भारतीय वीज नियमांनी ही सीमारेषा अधिक काटेकोर केली. ग्राहकाच्या जागेत पुरवठादाराने आपला कटआउट बसवावयाचा. तो हाताशी येईल अशा जागी आणि अग्निरोधक आवरणात असला पाहिजे. मीटरास व या कटआउटास मोहोर असावयाची. पुरवठ्याचा आरंभबिंदू ग्राहकाच्या स्वतःच्या कटआउटच्या प्रवेशटोकांशी मानला गेला, आणि त्या बिंदूच्या शक्य तितक्या जवळ, पण त्याच्या पुढे, संपूर्ण पुरवठा तोडू शकेल असा जोडस्विच असावा असे ठरले. म्हणजे एकाच लाकडी फळीवर दोन सत्ता शेजारी नांदत होत्या : मोहोरेपर्यंत पुरवठादाराची, त्यापुढे घरधन्याची.

या विभागणीचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. घरातील मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या अलीकडची तार, मीटर आणि पुरवठादाराचा कटआउट यांतील वीज जिवंतच राहते. 'मेन बंद आहे' एवढ्या भरवशावर पेटी उपटणारा कारागीर नेमक्या त्याच भागावर हात घालतो. दुसरा धोका जुन्या दुहेरी फ्यूजच्या पद्धतीतला. दोन्ही तारांत फ्यूज असेल आणि न्यूट्रलचा तेवढा गेला, तर दिवा विझतो. पण फेजची तार दिव्यापर्यंत भारितच असते. म्हणूनच भूयोजित न्यूट्रलमध्ये स्वतंत्र फ्यूज घालण्यास १९५६ च्या नियमांनी मज्जाव केला. पेटी नव्या जागी नेताना जुनी जोडणी जशीच्या तशी उचलणे म्हणजे हा दोषही सोबत नेणे होय.

त्याच नियमांनी आणखी एक सूक्ष्म भेद केला होता. दिवा, पंखा, स्विच किंवा फ्यूज बदलणे यांसारखी, मांडणीचे स्वरूप न पालटणारी कामे कोणीही करावी. त्यापलीकडची भर वा फेरफार मात्र परवानाधारक कंत्राटदारानेच करावयाची. फ्यूजची तार घालणे आणि फ्यूजची पेटी हलविणे ही कायद्याच्या दृष्टीने दोन भिन्न जातींची कामे ठरली. २००३ च्या वीज अधिनियमाने १९१० चा कायदा रद्द केला, आणि नियमांची जागा २०१० च्या व पुढे २०२३ च्या केंद्रीय विनियमांनी घेतली. तथापि मूळ विभागणी कायम आहे.

मग हा भेद लोकव्यवहारात का उतरला नाही? याचे उत्तर काही अंशी शब्दांत सापडते. बोलीत 'मीटर' म्हणजे सबंध फळी : मापक, कटआउट, मुख्य स्विच, सर्व काही. 'मीटर हलवायचे आहे' या वाक्यात कोणाचे काय हलवावयाचे हे उमटतच नाही. 'फ्यूज' या शब्दाची गतीही अशीच. इंग्रजीत तो वितळण्याच्या क्रियापदावरून आला, आणि परिभाषेने त्याला 'वितळतार' हा यथार्थ प्रतिशब्दही दिला. पण मराठी माणसाचा फ्यूज वितळत नाही. तो 'उडतो' किंवा 'जातो'. ह्यूगो श्टोट्झ याने १९२४ साली स्वयंचलित खंडकाचे एकस्व घेतले; तसल्या खंडकांनी पुढे तारेची जागा घेतली, तरी कळ खाली पडली की आजही 'फ्यूज उडाला' असेच म्हटले जाते. वस्तू बदलली, शब्द राहिला.

शब्द टिकून राहणे हा भाषेचा दोष नव्हे. परंतु ज्या ठिकाणी एका शब्दाखाली दोन मालक आणि दोन जबाबदाऱ्या झाकल्या जातात, तेथे अर्थाची संदिग्धता जिवावर बेतू शकते. घराचे नूतनीकरण करणाऱ्याने म्हणून प्रथम मोहोर कोठे आहे ते पाहावे. तिच्या अलीकडचे काम पुरवठादाराकडे रीतसर अर्ज करून त्याच्याकडूनच करवून घ्यावे, पलीकडचे परवानाधारकाकडे सोपवावे. आणि नवी जागा अशी निवडावी की अंधारातही तेथे हात पोहोचेल.