सव्वीस अंकी उत्तराची पडताळणी

‘मानवी संगणक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शकुंतला देवी यांनी वयाच्या सुमारे सहाव्या वर्षी म्हैसूर विद्यापीठात आपल्या गणनकौशल्याचे जाहीर प्रात्यक्षिक दिले होते. १९२९ मध्ये बंगळुरू येथे जन्मलेल्या शकुंतला देवींना औपचारिक शिक्षण लाभले नव्हते. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये त्यांनी केलेला गुणाकार पुढे जागतिक विक्रम ठरला.

महाविद्यालयाच्या संगणक विभागाने ७६,८६,३६,९७,७४,८७० आणि २४,६५,०९,९७,४५,७७९ या दोन तेरा अंकी संख्या त्यांना दिल्या होत्या. शकुंतला देवींनी २८ सेकंदांत पुढील उत्तर सांगितले : १,८९,४७,६६,८१,७७,९९,५४,२६,४६,२७,७३,७३०.

ही संख्या सव्वीस अंकी आहे. भारतीय परंपरेत ‘परार्ध’ म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने हे उत्तर सुमारे १८ कोटी ९४ लाख परार्ध इतके भरते. शाळेतील रीतीने हा गुणाकार कागदावर मांडल्यास एकेका अंकाचे १६९ गुणाकार करून त्यांची बेरीज घ्यावी लागते.

एवढ्या मोठ्या उत्तराची प्राथमिक पडताळणी मात्र कोणालाही करता येते. पहिल्या संख्येतील अंकांची बेरीज ७८ येते. बेरजेचे अंक पुन्हा मिळवत गेल्यास अखेर ६ उरतात. दुसऱ्या संख्येतील अंकांची बेरीज ७४ असून तेथे २ उरतात. सहा दुणे बारा, म्हणजेच ३. उत्तरातील अंकांची बेरीज १३८ येते आणि तेथेही ३ च उरतात.

दोन अंकांची अदलाबदल झाली तरी बेरीज बदलत नाही, त्यामुळे ही कसोटी तशी चूक पकडू शकत नाही. शेजारच्या दोन भिन्न अंकांची अदलाबदल ११ ची कसोटी उघड करते. दुसऱ्या संख्येतील एकाआड एक अंकांच्या दोन्ही बेरजा ३७ येतात, म्हणजे तिला ११ ने नि:शेष भाग जातो. साहजिकच उत्तरालाही तो गेला पाहिजे. उत्तरातील एकाआड एक अंकांच्या बेरजा ६९ आणि ६९ अशा समान आहेत. याशिवाय उत्तरास २, ३ आणि ५ यांनी भाग जात असल्याने ते ३३० च्या पटीत आहे.

या कसोट्यांत न उतरणारे उत्तर निश्चित चुकीचे असते. परंतु त्यांत उतरलेले प्रत्येक उत्तर बरोबर असतेच असे नाही. अंतिम निर्णयासाठी पूर्ण गुणाकारच करावा लागतो. त्यातही शकुंतला देवींचे उत्तर अचूक ठरते.

या विक्रमाची नोंद १९८२ च्या गिनेस बुकमध्ये झाली. शकुंतला देवी यांचे एप्रिल २०१३ मध्ये बंगळुरू येथे निधन झाले.