फरशीवर फरशी



आमच्या विठ्ठलवाडी-उल्हासनगर परिसरात दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा कल्याण कॅम्प होता. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि गावाला उल्हासनगर नाव मिळाले. हळूहळू बराकींच्या जागी इमारती आल्या. घरांत शहाबादी, मग मोझॅक, मग मोरबीच्या टाइल्स आल्या. आता जुनी फरशी न फोडता वरच नवी चिकटवतात. राडारोडा वाचतो.

आम्हीही तेच ठरवले. फरशी ठोकून पोकळ आवाज येतो का ते पाहिले, दार अडेल का तेही मोजले. मग वजनाचा हिशोब मांडला. अ‍ॅडहेसिव्ह धरून चौरस फुटाला सव्वादोन किलो, म्हणजे 120 चौरस फुटांच्या खोलीत 270 किलो! मे 2021 मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली, ते आठवले. आमच्या खालीही एक कुटुंब झोपते.

इंजिनिअरला स्लॅब दाखवला. "नवा भार नको," तो म्हणाला. जुन्या मोझॅकलाच पॉलिश करून घेतले.

मुंगी वाचवायला आपण पाऊल जपून टाकतो. खालच्या घरातल्या माणसांसाठीही तीच जयणा हवी.