बांधाबाहेरची झाडे

फोंडा तालुक्यातील बांदिवडे येथे मिळालेला एक ताम्रपट गोव्याच्या इतिहासात मोलाचा मानला जातो. कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मा या राजाचा तो दानलेख. अभ्यासक त्याचा काळ पाचवे-सहावे शतक असा धरतात. दान आहे एका ब्राह्मणाला, आणि दिलेली जमीन आहे 'खज्जन'. म्हणजेच आपले आजचे खाजण. भरतीचे खारे पाणी जिथे रोज येते आणि जाते, अशी ही चिखलवट. तिथले रान काढून, खाऱ्या पाण्याला बांध घालून तिचे भातशेत करावे, अशी त्या दानामागची कल्पना आहे. पुढे मौर्य गेले, कदंब आले. विजयनगर, बहमनी, आदिलशाही, पोर्तुगीज असे धनी बदलत राहिले. 'खाजण' हा शब्द मात्र दीड हजार वर्षे लोकांच्या तोंडी टिकला, आणि मातीचे ते बांधही टिकले.

आता विचार करा, माती आणि खाडीचे पाणी यांचे काही सख्य नाही. पावसाळ्यात घराच्या अंगणातली मेर दोन दिवसांत वाहून जाते. मग दिवसातून दोनदा भरती अंगावर घेणारा मातीचा बांध शतकानुशतके उभा कसा राहतो? आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत खाजणे येतात ती बहुधा महसुलाच्या प्रकरणात. किती कुंभ भात पिकले, किती कर बसला, गावकाऱ्यांचे हक्क कोणते. बांधाच्या बाहेर, पाण्यात पाय रोवून उभ्या असलेल्या झाडांचे नाव त्या हिशेबात फारसे येत नाही. मला वाटते, तो हिशेब त्यामुळे अर्धाच राहिला आहे.

आधी खाजण म्हणजे काय ते थोडे पाहू. मांडवी आणि जुवारी या गोव्याच्या दोन मोठ्या नद्या, आणि त्यांना आतल्या बाजूने जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा. उधाणाच्या दिवसांत येथे पाणी सुमारे सव्वादोन मीटर चढते-उतरते. मांडवीत भरतीचा परिणाम समुद्रापासून आत पन्नासेक किलोमीटरपर्यंत जाणवतो. या नद्यांच्या काठची सखल जमीन बांध घालून अडवली, की झाले खाजण. शेताची पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली असते, हे लक्षात ठेवायला हवे. बांध फुटला तर पाणी आपण होऊन आत येणार. बांधाला जागोजागी 'मानस' असते. रायगड-रत्नागिरीकडे तिलाच उघाडी म्हणतात. मानशीची लाकडी दारे भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. माणसाने हात लावायची गरज नाही. आत एक खोलगट तळे असते, त्याला पोंय म्हणतात. पावसाळ्यात जमिनीतला खार धुऊन निघतो आणि कोरगुट नावाचे खारे सोसणारे भात त्यात पिकते. भात झाले, की पाणी आत घेऊन मासळी. गोव्यात अशी सुमारे अठरा हजार हेक्टर खाजणे आहेत.

बाहेरचा बांध चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा. त्याच्या पायथ्याशी, नदीच्या बाजूला, तिवर, कांदळ, चिपी अशी झाडे राखलेली असत. 'राखलेली' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. शेतासाठी आतली झाडे काढली गेली, पण बाहेरचा पट्टा ठेवला गेला. भातासाठी इंच इंच जमीन अडवणाऱ्या माणसांनी ही जागा झाडांना उगीच सोडलेली नाही.

ही झाडे काय करतात, हे खाडीकाठच्या माणसाला ठाऊक होतेच. आकड्यांत मांडले गेले ते अलीकडे. कांदळाची मुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर येतात, चिपीची त्याहून जाड, सुळक्यासारखी. लाट या गुंत्यात शिरली की तिचे पाणी हजार ठिकाणी अडते, वळते, भोवरे होतात, आणि लाटेचा जोर त्या भोवऱ्यांतच खर्ची पडतो. पाणी चढून मुळे बुडाली तर? मग लाटेला फांद्या आणि पाने भेटतात. भिंतीचे तसे नाही. भिंत लाट परत फेकते, आणि ती परतलेली लाट भिंतीच्याच पायथ्याची माती उकरते.

व्हिएतनामच्या उत्तरेकडील टोंकिनच्या त्रिभुज प्रदेशात जपानी आणि व्हिएतनामी संशोधकांनी याची मोजणी केली. १९९७ साली ती प्रसिद्ध झाली. लावून सहा वर्षे झालेल्या खारफुटीचा दीड किलोमीटर रुंद पट्टा असेल, तर समुद्रावरची एक मीटरची लाट किनाऱ्याशी पोचेपर्यंत अवघी पाच सेंटिमीटर उरते. झाडे नसती तर तीच लाट पाऊण मीटर राहिली असती, असा त्यांचा हिशेब आहे. मांडवीच्या काठी दीड किलोमीटरचा पट्टा कुठून असणार? कित्येक ठिकाणी तो दोन-चार झाडांच्या रुंदीचा आहे. पण मांडवीत समुद्राची लाटही नसते. वाऱ्याने उठणाऱ्या आखूड, चिवट लाटा असतात, रात्रंदिवस बांध चाटणाऱ्या. त्यांना एवढा पट्टा पुरत असे.

दुसरे काम गाळाचे. गोडे पाणी खाऱ्याला मिळते तिथे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात आणि जड होतात. भरतीचे पाणी हा गाळ घेऊन झाडीत शिरते. तिथे त्याचा वेग मंदावतो, मुळांभोवतीचे भोवरे गाळ थोडा वेळ तरंगत ठेवतात, आणि भरती पुरी होऊन पाणी थबकले की तो खाली बसतो. ओहोटीचे पाणी झाडीतून परतते ते इतके संथ, की बसलेला गाळ उचलण्याचे बळ त्याच्यात नसते. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळच्या एका खाडीत असे दिसले, की उधाणाच्या भरतीबरोबर आलेल्या गाळापैकी सुमारे ऐंशी टक्के झाडीतच अडकतो. म्हणजे बांधाच्या पायथ्याशी झाडे रोज थोडी थोडी भर घालत असतात. कुणी मजूर लावायला नको.

आता खरी गंमत पुढे आहे. झाडे गाळ अडवतात, मग खाडी बुजायला हवी. पण होते उलटे. एरिक वोलान्स्की या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील खारफुटीच्या खाड्यांतले प्रवाह मोजले, तेव्हा ओहोटीचा प्रवाह भरतीपेक्षा जोरकस निघाला. कारण असे, की भरतीला पाणी दोन्ही काठांच्या झाडीत पसरते. ओहोटी लागली की खाडीतले पाणी लगेच उतरते, पण झाडीतले मुळांमुळे मागे रेंगाळते. पातळीत फरक पडतो, आणि ते सारे पाणी मग खाडीच्या मधल्या पात्रातून वेगाने धावते. जाताना तळ खरवडून नेते. झाडी काठावर गाळ ठेवते आणि पात्र मात्र मोकळे राखते. म्हणून मागची झाडी अडवून शेते किंवा तळी केली, की भरतीला पसरायला जागा उरत नाही, ओहोटीचा जोर कमी होतो आणि खाडी उथळ होऊ लागते.

हे खाजणांनाही लागू आहे, आणि त्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. प्रत्येक बांधाने नदीची पसरायची जागा घेतली आहे. खाजणे म्हणजे निसर्गाशी एकरूप होण्याचा आदर्श, असे जे हल्ली लिहिले जाते, ते मला थोडे भाबडे वाटते. ती नदीशी केलेली घासाघीस होती. एवढे आम्ही घेतो, एवढे तुला ठेवतो. मानशीतून पाणी आत घेण्याची सोय आणि बाहेरचा झाडांचा पट्टा, हे 'तुला ठेवतो' या बाजूचे.

ही घासाघीस सांभाळायला माणसे होती. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिसवाडीतील गावकाऱ्यांचे रीतिरिवाज एका सनदेत लिहून घेतले. म्हणजे पोर्तुगीज येण्याआधीच ही व्यवस्था जुनी, मुरलेली होती. गावकारी, पुढची कोमुनिदाद, ही जमिनीची सामाईक धनी. बांधाची देखभाल सर्वांच्या माथी. खेकड्याने पाडलेले भोक आज बुजवले नाही तर उधाणाला तिथे भगदाड पडते, हे प्रत्येकाला ठाऊक. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होत असे. उत्तरेकडे, आजच्या रायगड जिल्ह्यातही हीच गोष्ट वेगळ्या नावाने होती. तिथले शिलोत्रदार खाडीची जमीन बांध घालून लागवडीस आणत, आणि बाहेरच्या बांधाच्या दुरुस्तीसाठी शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे धान्य घेत. १८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या पद्धतीची माहिती आहे. नावे निराळी, पण दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कुणाची, हे दोन्हीकडे ठरलेले होते.

ते ठरलेपण विसाव्या शतकात मोडले. १९५० च्या दशकापासून गोव्याच्या लोहखनिजाची निर्यात वाढत गेली. खनिज खाणींकडून मुरगाव बंदराकडे जाऊ लागले ते मांडवी-जुवारीतून, बार्जमधून. जड भरलेल्या बार्जला खोल पाणी हवे, म्हणून ती भरती साधून निघते. म्हणजे पाणी बांधाच्या माथ्याजवळ असते, नेमके तेव्हाच तिची लाट बांधावर येते. वाऱ्याच्या आखूड लाटांना पुरणारा झाडांचा पट्टा या लाटांसाठी नव्हता. मुळांखालची माती सुटू लागली, कडेची झाडे पाण्यात कलली, आणि त्यांच्यामागचा बांध उघडा पडला. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे थांबत-सुरू होत राहिल्या. पण अर्धशतकाहून अधिक काळ बांधांनी तो मार खाल्ला होता.

याच काळात दुसरे स्थित्यंतर झाले. १९६४ चा कूळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क मिळाले. ते न्याय्यच होते. परंतु कोमुनिदादीचा बांधाशी असलेला संबंध सुटला, आणि बांधाचे काम ज्या कूळसंघांकडे आले त्यांची घडी सगळीकडे सारखी बसली नाही. त्यात भातापेक्षा मासळीत पैसा अधिक. काही ठिकाणी मानस मुद्दाम उघडी राहू लागली, खारे पाणी आत येऊ लागले, कुठे बांध फुटला तो फुटलेलाच राहिला.

आणि मग झाडे आत आली. तिवराचे बी पाण्यावर तरंगत येते आणि सापडेल त्या चिखलात रुजते. बांध फुटलेल्या खाजणात त्याला रान मोकळे. पाच-सात वर्षांत जिथे कोरगुट डोलत होते तिथे तिवराची झाडी उभी राहते. १९९१ च्या किनारी नियमन अधिसूचनेने खारफुटीला सर्वांत कडक संरक्षण दिले. देशभर खारफुटी तोडून भराव टाकले जात होते, मुंबईने तर ते डोळ्यांदेखत पाहिले. तेव्हा कायदा हवाच होता. पण खाजणात त्याने एक विचित्र पेच उभा केला. बाहेरचे झाड बांधाचा राखणदार. आतले झाड बांध मोडल्याची खूण. कायद्याच्या लेखी दोन्ही एकच. आपल्या शेतात उगवलेले तिवर काढायला गेलेला शेतकरी गुन्हेगार ठरतो. उलट बाजूही आहे. फुटका बांध दुरुस्त करायचा म्हणून खोदयंत्र नदीच्या बाजूने चालवले, तर बाहेरचा पट्टाच आडवा होतो. मग जांभ्याची किंवा काँक्रीटची सरळ भिंत बांधतात, आणि लाट तिच्या पायथ्याशी आपले काम सुरू करते.

२०११ च्या सुधारित अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आली. खाजणांचे नकाशे करावेत, खाजणालगतची खारफुटी जपावी, खाजणांच्या व्यवस्थापनाचा आराखडा तयार करावा, आणि खाजणात विकासकामांना परवानगी देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. 'लगतची' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. झाड कोणते, यापेक्षा ते बांधाच्या कोणत्या बाजूला आहे, याची दखल घेणारा कायद्यातला हा शब्द आहे. त्याचा नीट अर्थ लावला, तर बाहेरचा पट्टा रुंद करणे आणि आतले शेत मोकळे करणे ही दोन्ही कामे एकाच आराखड्यात बसू शकतात.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात गोव्याची खारफुटी सुमारे २७ चौरस किलोमीटर दाखवली आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांपेक्षा ती कितीतरी जास्त आहे, आणि त्याचे कौतुकही होते. हे मोजमाप उपग्रहाच्या चित्रांवरून होते. त्या चित्रात बांधाबाहेर उभे असलेले कांदळ आणि पडीक खाजणात उगवलेले तिवर एकाच हिरव्या रंगात दिसतात. त्यातले किती बांधाच्या अलीकडे आणि किती पलीकडे, हे पाहायचे तर बांधावरून चालत जावे लागते.