एका मळक्या पानाची सतरा वर्षे

एसटी स्टँडवर गाडी लागते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि मग गर्दीतून वाट काढत दारातून आत शिरायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. रुमाल टाकणं आणि प्रत्यक्ष जाऊन बसणं या दोन गोष्टींच्या मधे जो वेळ जातो, त्या वेळातच सगळे तंटे होतात. रुमाल ही नुसती खूण. तो कोणाचा, आणि ज्याचा आहे तो अजून गाडीत येणार आहे का, हे रुमालाला विचारता येत नाही.

संगणकातही असेच तंटे होतात. दोन कामं एकाच वेळी चालू असतात, दोघांची नजर एकाच जागेवर असते आणि निकाल कोण आधी पोचतं यावर ठरतो. याला 'रेस कंडिशन' म्हणतात, म्हणजे शर्यतीचा प्रसंग. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६५ साली या प्रश्नाची नेमकी मांडणी केली: एका वेळी एकानेच आत जावं, याची हमी कशी द्यायची? उत्तरं तेव्हापासून उपलब्ध आहेत. तरीही ही चूक पुन्हा पुन्हा घडते, कारण ती चाचणीत सापडत नाही. लाख वेळा काम सुरळीत होतं आणि एखाद्या वेळीच फसतं.

आज अशाच एका चुकीची हकिकत सांगायची आहे. ती लिनक्सच्या कर्नलमधली आहे. कर्नल म्हणजे लष्करातला नव्हे. दाण्याच्या आतला गर असतो ना, तो. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, कोणी कुठे लिहायचं आणि कोणी नुसतं वाचायचं, हे तो ठरवतो.

मेमरीची विभागणी पानांत केलेली असते. सर्वसाधारण पान ४,०९६ बाइट्सचं. प्रत्येक पानासाठी एका तक्त्यात नोंद असते आणि नोंदीपुढे छोट्या खुणा: लिहायची परवानगी आहे का, आणि पान 'मळलं' आहे का, म्हणजे त्यावर काही लिहिलं गेलंय का. एकच फाइल दहा प्रोग्रॅम वाचत असतील तर दहा प्रती काढणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून सगळ्यांना एकच पान दाखवायचं आणि ज्याला लिहायचं असेल त्याला त्या क्षणी वेगळी प्रत करून द्यायची. याला 'कॉपी-ऑन-राइट' म्हणतात. १९७०च्या दशकातल्या टेनेक्स या प्रणालीतही ही युक्ती होती. यात एक वचन गृहीत आहे: तुम्ही तुमच्या प्रतीवर काहीही खरडा, मूळ पानाला धक्का लागणार नाही. हे वचन मोडलं, तर साधा वापरकर्ता पासवर्डांच्या व्यवस्थेतली फाइल बदलून अख्ख्या यंत्राचा मालक होऊ शकतो.

वचन मोडायचं कसं, ते पाहा. प्रोग्रॅममधले दोष शोधणाऱ्या साधनांना कधी कधी 'फक्त वाचा' असं लिहिलेल्या पानावरही लिहावं लागतं. त्यासाठी कर्नलमध्ये एक खास वाट आहे. त्या वाटेने गेलं की कर्नल आधी प्रत तयार करतो, मग 'प्रत झाली, आता लिहिण्याची मागणी नोंदवून ठेवायचं कारण नाही' असं समजून ती मागणी पुसून टाकतो आणि पान पुन्हा शोधायला जातो. नेमक्या याच फटीत त्याच प्रोग्रॅमचा दुसरा धागा कर्नलला सांगतो, 'ही प्रत मला नको, फेकून दे.' कर्नल फेकतो. पहिला धागा पान शोधायला येतो तेव्हा प्रत नसते आणि लिहिण्याची मागणीही पुसलेली असते. त्यामुळे त्याला वाचण्यासाठीचं मूळ पान मिळतं. आणि तो त्यावर लिहितो!

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना ही फट ऑगस्ट २००५ मध्येच दिसली होती. त्यांनी ती बुजवलीही. पान मळल्याची खूण असेल तरच ती आपली प्रत समजायची, असा तो उपाय होता. पण आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या यंत्रांत ही खूण तक्त्यातल्या नोंदीत नसायचीच. ती प्रत्यक्ष पानाशी जोडलेल्या वेगळ्या जागी असायची. तिथे हा उपाय चालेना. काही दिवसांतच निक पिगिन यांच्या दुरुस्तीने तो मागे घेतला गेला आणि ती फट पुन्हा मोकळी झाली. एका प्रकारच्या यंत्रांची अडचण सोडवताना बाकी सगळ्यांचं दार उघडं राहिलं. पण तेव्हा ते कोणाला फारसं लागलं नाही. शर्यत कागदावरची आहे, प्रत्यक्षात कोण जिंकणार, असा हिशेब होता.

पुढे जग बदललं. एकाच चिपवर दोन, चार, आठ प्रोसेसर आले. दोन धागे खरोखरच एकाच क्षणी धावू लागले आणि कागदावरची शर्यत सहज जिंकता येऊ लागली. २००८ मध्ये अँड्रॉइडचा पहिला फोन आला, त्याच्याही पोटात लिनक्सच. मग २०१६ मध्ये फिल ऑस्टर या तज्ज्ञाला एका घुसखोरी झालेल्या सर्व्हरवर या फटीचा वापर करणारा प्रोग्रॅम सापडला. सर्व्हरकडे येणारी माहिती ते नोंदवून ठेवत असत, म्हणून तो हाती लागला. म्हणजे अभ्यासकांच्या आधी ही फट चोरांना ठाऊक होती. कॉपी-ऑन-राइटच्या आद्याक्षरांवरून हिचं नाव पडलं 'डर्टी काऊ', मळकी गाय. बोधचिन्हही गाईचंच.

टोरवाल्ड्स यांची नवी दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये आली. आपला अकरा वर्षांपूर्वीचा प्रयत्न वाईट होता, असं त्यांनी तिच्यासोबतच्या टिपणात स्वतःच लिहिलं. असा प्रांजळपणा एरवी सरकारी अहवालांत शोधून सापडत नाही. दुरुस्ती जेमतेम दहा-पंधरा ओळींची. लिहिण्याची मागणी पुसायची नाही. 'प्रत झाली' अशी वेगळी नोंद करायची आणि पान मळलेलं आहे ना, हे पुन्हा तपासायचं. एस-३९० ची अडचण २०१३ मध्येच मिटली होती, त्यामुळे २००५ ची कल्पना आता चालली.

दुरुस्ती झाली, पण पोचली का? सर्व्हरवाल्यांनी ती लगेच बसवून घेतली. फोनचं तसं नाही. तिथे दुरुस्ती फोन बनवणाऱ्या कंपनीने पाठवावी लागते, आणि स्वस्त, जुन्या फोनसाठी ती तसदी घेतो कोण? सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रो कंपनीने झेडनिऊ नावाचं दुष्ट सॉफ्टवेअर उघड केलं. बाराशेहून अधिक ॲप्समध्ये ते लपलेलं होतं, चाळीसहून अधिक देशांत पसरलं होतं, आणि शिरकाव हीच फट वापरून होत होता. सर्वाधिक फोन सापडले ते चीन आणि भारतात.

आणि फट तरी पुरती बुजली होती का? नोव्हेंबर २०१७ मध्ये बिंडेसी या संस्थेच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की कर्नलमधल्या 'मोठ्या पानां'च्या भागात, म्हणजे सर्वसाधारण यंत्रांवर दोन मेगाबाइटच्या पानांच्या बाबतीत, नुसतं वाचायला हात लावला तरी मळल्याची खूण उमटते. झालं! जिच्यावर दुरुस्ती विसंबून होती तीच खूण दुसरं कोणी तरी भलत्याच कारणाने उमटवत होतं. रुमाल होता, पण तो भलत्याचाच. या वेळी डिस्कवरच्या फायली वाचल्या. पण सगळे प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या शून्यांनी भरलेल्या पानावर लिहिता येत होतं. तेही बुजवण्यात आलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये तिसऱ्यांदा तेच. केवळ मेमरीत ठेवलेल्या फायलींसाठी कर्नलच्या ५.१६ या आवृत्तीत एक बदल झाला होता. त्यामुळे तिथली काही पानं कोणी न लिहिताही मळलेली दिसू लागली, आणि त्या फायलींपुरती मळकी गाय पुन्हा उभी राहिली. रेड हॅट कंपनीचे डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी ती शोधली. त्यांनी मात्र नवं ठिगळ लावलं नाही. त्याच वर्षी त्यांच्याच कामातून कर्नलमध्ये पानांसाठी एक नवी नोंद आली होती: हे पान केवळ या एकाच प्रोग्रॅमच्या मालकीचं आहे का? पान मळलंय का हा प्रश्न मागे पडला आणि ते कोणाचं आहे, हा प्रश्न विचारला जाऊ लागला. टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये घातलेली 'प्रत झाली' ही नोंद त्याच दुरुस्तीत काढून टाकली गेली.