बंदोबस्त आणि दाद : एका संगणकीय साम्राज्यातील मूक प्रजा

राज्यकारभाराशी निगडित असे दोन शब्द मराठीने फार्सीतून घेतले आणि इतके आपलेसे केले की त्यांचे परकेपण आज जाणवतही नाही. एक 'बंदोबस्त', दुसरा 'दाद'. बंदोबस्त राज्यकर्ता ठेवतो. दाद प्रजा मागते. पहिल्या शब्दाचा कर्ता वर बसलेला असतो, दुसऱ्याचा खाली उभा असतो. कोणत्याही साम्राज्यातील अंतर्गत अशांततेचा इतिहास लिहायचा तर हे दोन्ही शब्द हाताशी असावे लागतात, असे आम्हांला वाटते. प्रस्तुत लेखात ज्या कृतीचा विचार करायचा आहे, तिला मात्र यांतला पहिलाच शब्द ठाऊक आहे. ती कृती ग्रंथ नव्हे. संगणकावरचा खेळ आहे.

'रोम : टोटल वॉर' हा खेळ २००४ साली आला आणि २०२१ साली त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती निघाली. प्राचीन रोमविषयी आमच्या विद्यार्थ्यांना जे ठाऊक असते, त्यातले बरेचसे क्रमिक पुस्तकांतून नव्हे, तर अशा खेळांतून आलेले असते. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. पूर्वीच्या पिढ्यांनी इतिहास ऐतिहासिक कादंबऱ्यांतून घेतला, ही पिढी तो खेळातून घेते. परंतु कादंबरी वाचताना 'इथे कोण बोलत आहे?' असा प्रश्न विचारण्याची सवय आपण विद्यार्थ्यांना लावतो. तोच प्रश्न या खेळालाही विचारला पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खेळाची रीत थोडक्यात अशी. जिंकलेल्या प्रत्येक नगराच्या नावापुढे सार्वजनिक शांततेची टक्केवारी असते. शिबंदी, कायद्याच्या व करमणुकीच्या इमारती, आरोग्याच्या सोयी, सुभेदाराचे वजन, आखाड्यातील झुंजी आणि रथांच्या शर्यती यांनी ती चढते. चढे कर, गलिच्छपणा, राजधानीपासूनचे अंतर आणि जेत्यांच्या व जितांच्या संस्कृतीतील भेद यांनी ती उतरते. फार उतरली की दंगे होतात आणि शेवटी नगर हातचे जाते. नगर जिंकताच खेळाडूपुढे तीन पर्याय येतात : नुसता ताबा घ्यावा, लोकांना गुलाम करावे किंवा त्यांची कत्तल करावी. कत्तलीने लोकसंख्या घटते, म्हणून गलिच्छपणा कमी होतो आणि टक्केवारी सुधारते. सराईत खेळाडूंनी यातून एक युक्ती काढली. फार वाढलेल्या, सतत कुरकुरणाऱ्या नगरातून शिबंदी काढून घ्यायची, बंड होऊ द्यायचे, मग नगर पुन्हा जिंकून कत्तल करायची. हिशेब चोख बसतो. त्या हिशेबात ज्यांची वजाबाकी झाली, त्यांच्याविषयी खेळाला काही सांगायचे नसते.

या रचनेत तथ्य नाही असे मात्र नाही. शांततेला किंमत पडते आणि ती दरमहा मोजावी लागते, हे खेळ नेमके शिकवतो. इ.स.पू. १२३ मध्ये गायस ग्रॅकसने रोमच्या नागरिकांना सवलतीच्या दराने धान्य देण्याचा कायदा केला, इ.स.पू. ५८ मध्ये क्लोडियसने ते फुकट केले. लाभार्थींची संख्या सीझरने ३,२०,००० वरून १,५०,००० वर आणली, असे स्विटोनियस सांगतो. इ.स. ६ मध्ये ऑगस्टसने शहरात आगविझव्या पहारेकऱ्यांच्या सात तुकड्या उभ्या केल्या. इ.स. ५१ मध्ये धान्याची टंचाई पडली, तेव्हा खुद्द सम्राट क्लॉडियसला भर चौकात जमावाने घेरले आणि त्याच्यावर पावाचे तुकडे भिरकावले. शहरात तेव्हा पंधरा दिवसांचेच अन्न उरले होते, असे टॅसिटस नोंदवतो. राजधानीपुरता तरी बंदोबस्ताचा हा हिशेब खराच होता.

प्रांतांकडे वळले की हिशेब चुकू लागतो. खेळात शिबंदी नेहमी अधिक चिन्हानेच मोजली जाते. जितके सैनिक, तितकी शांतता. रोमन साम्राज्य प्रत्यक्षात असे चालत नव्हते. ऑगस्टसच्या अखेरच्या काळात साम्राज्याच्या पंचवीस लीजन होत्या आणि त्यांतल्या बहुतेक सरहद्दींवर. जोसेफस या यहुदी इतिहासकाराने राजा दुसरा अग्रिप्पा याच्या तोंडी एक भाषण घातले आहे. आशिया प्रांतातील पाचशे नगरे शिबंदीवाचून एका सुभेदारापुढे मान लववतात आणि सगळा गॉल अवघ्या बाराशे सैनिकांच्या धाकात आहे, असे अग्रिप्पा तेथे म्हणतो. भाषणातली अतिशयोक्ती वजा केली तरी मुद्दा उरतो. प्रांत शांत ठेवीत होते ते मुख्यतः स्थानिक मातब्बर. कर गोळा करणारे, रोमन नावे घेणारे, मुलांना लॅटिन किंवा ग्रीक शिकवणारे.

उलट शिबंदीनेच आग भडकल्याचे उदाहरण त्याच जोसेफसने दिले आहे. इ.स. ६६ मध्ये यहुदियाचा रोमन अधिकारी गेसियस फ्लोरस याने जेरुसलेमच्या मंदिराच्या कोषातून सतरा टॅलंट उचलले. लोक चिडले, काही जणांनी टोपली फिरवून 'गरीब बिचाऱ्या' फ्लोरससाठी पैसा-पैसा भीक मागण्याचे सोंग केले. फ्लोरसने उत्तरादाखल वरच्या बाजारावर सैनिक सोडले. त्या दिवशी ३,६०० माणसे मारली गेली, असा जोसेफसचा आकडा आहे. त्याच वर्षी जे युद्ध पेटले, त्यात इ.स. ७० मध्ये मंदिर जळाले. ती टोपली टक्केवारीत कोठे बसवायची? ती दंगा नव्हती, शांतताही नव्हती. ते एक विडंबन होते, आणि विडंबन ही भाषेची कृती आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ती लगेच ओळखू येईल. खेळाला ती दिसणारच नाही.

खेळात नगर फुटले की त्याचा रंग करडा होतो. बंडखोर कोणत्याही प्रांतातले असोत, त्यांचा रंग एकच. त्यांना लाच देऊन फोडता येते किंवा मारता येते. त्यांचे काय मागणे आहे हे विचारण्याची सोय नाही. येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो रास्त आहे : मूळ साधनांत तरी बंडखोर कोठे बोलतात? ब्रिटनमधील बुडिकाचे बंड इ.स. ६० किंवा ६१ मधले. तिच्या नवऱ्याने मुलींबरोबर सम्राट नीरोलाही वारस नेमून आपले राज्य वाचवू पाहिले. रोमन अधिकाऱ्यांनी सगळेच लुटले, तिला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. कामुलोडूनम, लोंडिनियम आणि वेरुलामियम ही तीन नगरे बंडात जळाली. लढाईपूर्वीचे तिचे भाषण टॅसिटसने दिले आहे. पण ते टॅसिटसने रचलेले लॅटिन भाषण आहे, बुडिकाचे शब्द नव्हेत. तरीही एक फरक राहतोच. बंडखोराला कारण असते आणि ते वाक्यांत मांडता येते, एवढे त्या रोमन लेखकाने गृहीत धरले होते.

त्या बंडानंतरची हकीकत अधिक बोधक आहे. सुभेदार सुइटोनियस पौलिनस सूड उगवीत राहिला. नवा वित्ताधिकारी ज्युलियस क्लासिशियानस याने मात्र रोमला कळवले की, सुभेदार बदलल्याखेरीज शांतता येणार नाही. चौकशी झाली, काही काळाने सुभेदार बदलला. टॅसिटसला क्लासिशियानसचा राग आहे. खासगी वैरापोटी त्याने हे केले, असे तो सुचवतो. क्लासिशियानसच्या समाधीचे दगड लंडनमध्ये सापडले आणि ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांवर त्याच्या पत्नीचे नाव आहे : ज्युलिया पकाटा, इंडसची मुलगी. हा इंडस म्हणजे गॉलमधील ट्रेव्हेरी जमातीतला सरदार असावा, असे अभ्यासक मानतात; इ.स. २१ मधले आपल्याच जमातीतले बंड मोडण्यास त्याने रोमला साहाय्य केले होते. 'पकाटा' याचा अर्थ 'शांत केलेली'. मुलीला असे नाव ठेवणाऱ्या घराण्याशी ज्याची सोयरीक होती, तो माणूस ब्रिटनमधल्या जितांसाठी शब्द टाकतो. वश झालेल्यांच्या मनात काय चाललेले असते याची जाण त्याला त्या घरातून आली असेल काय? शिलालेख हे सांगत नाही. पण प्रश्न उभा करतो.

आता 'दाद' या शब्दाकडे येऊ. सामान्य प्रजेचे शब्द दगडावर कोरलेले मिळतात, आणि तेही बंडाच्या नव्हे, अर्जाच्या रूपात. उत्तर आफ्रिकेत, आजच्या ट्युनिशियात, बुरुनिटानस नावाची सम्राटाची जमीन होती. तेथील कुळांनी इ.स. १८० च्या सुमारास सम्राट कॉमोडसकडे दाद मागितली. खंडकरी आणि सरकारी अधिकारी संगनमताने ठरल्यापेक्षा अधिक वेठ घेतात. तक्रार केली तर सैनिक येऊन बेड्या घालतात, फटके मारतात. त्यांचे मागणे साधे होते : हेड्रियनच्या नियमाप्रमाणे वर्षाला नांगरणीचे दोन, खुरपणीचे दोन आणि कापणीचे दोन एवढेच दिवस आमच्याकडून घ्यावेत. सम्राटाने ते मान्य केले आणि कुळांनी सगळा व्यवहार दगडावर कोरून ठेवला. पुन्हा कोणी सातवा दिवस मागितला तर दाखवायला दगड असावा, म्हणून.

दुसरा अर्ज इ.स. २३८ मधला, थ्रेसमधल्या स्काप्टोपारा या गावाचा. गावात गरम पाण्याचे झरे होते आणि जवळच पंधरा दिवसांची जत्रा भरे. त्यामुळे येणारेजाणारे सैनिक आणि अधिकारी गावात उतरत आणि फुकट खाणेपिणे मागत. गावकरी सम्राट तिसऱ्या गॉर्डियनला कळवतात की घरे ओस पडत चालली आहेत. हे थांबले नाही तर आम्हीही गाव सोडू आणि मग तुमच्या खजिन्याचेच नुकसान होईल. या अर्जाची भाषा वर्गात वाचण्याजोगी आहे. आरंभी सम्राटाच्या कारकिर्दीची स्तुती, मध्ये हकीकत, शेवटी धमकी. पण धमकी अशी की तीत हितचिंतनाचा स्वर आहे. सम्राटाचे उत्तर त्रोटक : सुभेदाराकडे जा. अर्थात दाद मागितली म्हणजे मिळालीच असे नाही, हेही त्याच दगडावर आहे.

बंड आणि शांतता यांच्यामध्ये माणसे जे बोलतात, लिहितात, कुरकुरतात, सोंगे आणतात, त्याचा मोठा प्रदेश असतो. साम्राज्याचे बरेचसे आयुष्य त्याच प्रदेशात जाते. खेळाने त्याच्या जागी एक टक्केवारी ठेवली. खेळ म्हटला की आकडे येणारच, हे आम्हांला मान्य आहे. त्याने प्रबंध लिहावा अशी अपेक्षा नाही. काळजी वेगळी आहे. 'असंतोष वाढला', 'परिस्थिती चिघळली', 'बंदोबस्त वाढवण्यात आला' अशी कर्ता हरवलेली वाक्ये विद्यार्थ्यांच्या निबंधांत वरचेवर येतात, वृत्तपत्रांत येतात, आपल्याही लेखनात येतात. ही टक्केवारीचीच भाषा आहे. असंतोष पाऊस-पाण्यासारखा वाढत नाही. कोणीतरी सातवा दिवस मागितलेला असतो.

म्हणून हा खेळ वर्गाबाहेर ठेवू नये, असे आम्ही सुचवतो. ज्या विद्यार्थ्यांनी तो खेळला आहे, त्यांना खेळातले एक फुटलेले नगर घ्यायला सांगावे आणि त्या नगरातल्या लोकांच्या वतीने राज्यकर्त्याला एक अर्ज लिहायला सांगावा : कोण लिहीत आहे, काय घडले, कोणी केले, काय हवे. सोबत स्काप्टोपाराचा अर्ज वाचायला द्यावा.